३२ विरुद्ध १५ : एका ठरावाचा इतिहास

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, पणजी अशा गावांत चार-पाच पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना एक प्रश्न नेहमीचा असतो : तुमचे मूळ गाव कोणते? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा आपुलकीच असते. आपण कोकणातले किंवा देशावरचे एखादे नाव सांगतो, कुलदैवत सांगतो, आणि बोलणे दुसरीकडे वळते. आपण घर कुठे घ्यावे, मत कुणाला द्यावे, हे काही त्या उत्तरावर ठरत नाही. म्हणूनच तो प्रश्न आपल्याला गोड लागतो.

१९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळ आणि ट्रान्सवाल प्रांतांत हाच प्रश्न कायद्याने विचारला, आणि उत्तरावर घर, जमीन व मत तिन्ही ठरवले. तिथे अडीच लाखांहून अधिक हिंदी माणसे होती. १८६० साली उसाच्या मळ्यांसाठी गिरमिटावर नेलेल्या मजुरांची नातवंडे-पतवंडे आणि त्यांच्या मागोमाग गेलेले व्यापारी अशी ती वस्ती. बहुतेकांचा जन्म तिथलाच. तरी जून १९४६ मध्ये जनरल स्मट्स यांच्या सरकारने कायदा केला, की हिंदी माणसाने जमीन नेमून दिलेल्या भागातच घ्यावी. सोबत संसदेत प्रतिनिधित्वही देऊ केले. मात्र हिंदी मतदारांनी निवडायचे प्रतिनिधी गोरेच असायला हवेत, अशी अट घातली. लोकांनी या कायद्याला ‘घेटो कायदा’ म्हटले. १३ जूनला डर्बनमध्ये नगरपालिकेच्या एका मोकळ्या जागेत तंबू ठोकून सत्याग्रह सुरू झाला. डॉ. नायकर आणि डॉ. दादू हे त्याचे पुढारी. पुढे सुमारे २,००० स्त्रीपुरुष तुरुंगात गेले.

या अन्यायाची तक्रार जगाच्या चव्हाट्यावर कशी आली, आणि एका ठरावासाठी मते कशी जमवली गेली, हा या व्याख्यानाचा विषय आहे. मानवी हक्कांच्या ठरावांविषयी आपण वर्तमानपत्रात दोन ओळी वाचतो : अमुक देशाने बाजूने मत दिले, तमुक देश तटस्थ राहिला. त्या दोन ओळींच्या मागे काय असते, ते समजून घ्यायला १९४६ च्या ठरावाइतके चांगले उदाहरण नाही. शिवाय त्यात आपल्या ओळखीची माणसेही आहेत.

तक्रार कोणी केली?

सर्वसाधारण समजूत अशी, की ही तक्रार नेहरूंच्या हंगामी सरकारने नेली. तारखा पाहिल्या तर तसे दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांकडे हिंदुस्थानची विनंती गेली २२ जून १९४६ रोजी; हंगामी सरकार अधिकारावर आले २ सप्टेंबरला. म्हणजे पहिले पाऊल उचलले ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाच्या काळात. त्या मंडळात परदेशस्थ हिंदी लोकांचे खाते होते नागपूरच्या डॉ. ना. भा. खरे यांच्याकडे. ग्वाल्हेरच्या वाचकांना हे नाव अपरिचित नसावे, कारण १९५२ मध्ये ते ग्वाल्हेरमधून लोकसभेवर निवडून गेले. खरे यांच्याच कारकिर्दीत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ‘जशास तसे’ वागण्याचा कायदा अमलात आला आणि मार्च १९४६ मध्ये व्यापारी करार संपवण्याची नोटीस दिली गेली. तिथे हिंदुस्थानचे उच्चायुक्त होते अमरावतीचे बॅरिस्टर रामराव देशमुख. त्यांना परत बोलावण्यात आले. जुलैपासून व्यापार बंद झाला.

आता गंमत पाहा. डॉ. खरे यांना काँग्रेसने १९३८ मध्ये पक्षाबाहेर काढले होते. पुढे ते हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. नेहरूंशी त्यांचे कधीच पटले नाही. तरीही खरे यांच्या खात्याने उघडलेली फाइल नेहरूंच्या खात्यात गेली तेव्हा ती कोणी बंद केली नाही, की तिची दिशा बदलली नाही. परदेशातल्या समन्वयाविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्याची पहिली पायरी घरात असते. एका सरकारने मांडलेली बाजू दुसऱ्या सरकारने तशीच पुढे नेली, तरच समोरचा देश ती गांभीर्याने घेतो.

प्रतिनिधी आणि प्रतिपक्षी

नेहरूंनी शिष्टमंडळाचे नेतृत्व दिले आपली बहीण विजयालक्ष्मी पंडित यांना. त्यांचे आडनाव आपल्यासारख्यांना जवळचे वाटावे असे आहे. त्यांचे पती रणजित पंडित हे मूळ कोकणातल्या, पण काठेवाडात राजकोटला स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातले. संस्कृतचे जाणकार, ‘राजतरंगिणी’चा इंग्रजी अनुवाद त्यांचा. तुरुंगवासात प्रकृती ढासळून १९४४ च्या जानेवारीत ते वारले. दोन-अडीच वर्षांपूर्वी वैधव्य आलेली, स्वतः तीनदा तुरुंगात जाऊन आलेली ही बाई न्यूयॉर्कला निघाली ती अजून स्वतंत्र न झालेल्या देशाची प्रतिनिधी म्हणून. बरोबर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती छागला आणि कृष्ण मेनन होते.

समोर होते जनरल स्मट्स. ते साधे प्रतिस्पर्धी नव्हते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या प्रास्ताविकेचा पहिला मसुदा त्यांचा, आणि मूलभूत मानवी हक्कांचा उल्लेख तिथे आणण्यात त्यांचा हात मोठा. स्वतः लिहिलेल्या शब्दांच्या कसोटीला स्वतःच उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर वर्ष-दीड वर्षातच आली.

आमसभा भरत होती न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंग मेडो इथे, जागतिक प्रदर्शनासाठी बांधलेल्या एका इमारतीत. समित्या बसत लेक सक्सेसला, युद्धकाळात जिथे यंत्रे बनत अशा एका कारखान्यात. संयुक्त राष्ट्रांना स्वतःचे घर अजून मिळायचे होते.

दोन बाजूंचा युक्तिवाद

स्मट्स यांचा मुद्दा कायद्याचा होता. सनदेच्या २ ऱ्या कलमाचा ७ वा परिच्छेद सांगतो, की कोणत्याही राष्ट्राच्या अंतर्गत कारभारात संयुक्त राष्ट्रांनी हात घालू नये. तिथले हिंदी लोक दक्षिण आफ्रिकेचेच नागरिक, तेव्हा त्यांना कसे वागवायचे हा आमचा घरचा प्रश्न. शंका असेल तर आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे मत घ्या. ब्रिटन आणि अमेरिका या मागणीच्या बाजूने होते. न्यूरेंबर्गच्या खटल्यात ब्रिटनतर्फे फिर्यादीचे काम केलेले सर हार्टली शॉक्रॉस हेच समितीत या बाजूने बोलले.

न्यायालयात जाण्याची मागणी वरवर किती सरळ दिसते! पण ती मान्य झाली असती तर प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळला असता, आणि सभेने त्यावर बोलायचेच नाही असा पायंडा पडला असता. हिंदुस्थानने उलट मांडले : १९२७ साली केपटाउनला दोन सरकारांत करार झाला, म्हणजे हा प्रश्न दोन देशांमधला आहे हे दक्षिण आफ्रिकेनेच मान्य केले. तेव्हा तो निव्वळ घरचा राहिलाच कुठे? शिवाय सनदेवर सही करताना वंशभेद न करण्याचे वचन सर्वांनी दिले आहे. वचनाचा भंग झाला तर ते ज्या सभेला दिले तिनेच विचारायला हवे.

मतांचे गणित

इथे जरा थांबून गणित करू, कारण ठरावांचा सारा व्यवहार या गणितावर चालतो.

समितीत साधे बहुमत पुरते. आमसभेत मात्र महत्त्वाच्या प्रश्नाला दोन तृतीयांश मते लागतात, आणि ती मोजताना तटस्थ राहिलेल्यांना धरत नाहीत. याचा अर्थ असा, की प्रत्येक विरोधी मताला तोलायला दोन अनुकूल मते हवीत. विरोध करणाऱ्या एका देशाला ‘निदान तटस्थ तरी राहा’ एवढे पटवले, तर दोन नवे मित्र मिळवल्याचे पुण्य लागते. म्हणून मुत्सद्दी माणूस शत्रूकडेही चहाला जातो.

३० नोव्हेंबरला संयुक्त समितीत मतदान झाले : बाजूने २४, विरोधात १९, तटस्थ ६. ठराव समितीत मंजूर झाला. पण हेच आकडे आमसभेत आले असते तर तो बुडालाच होता. १९ विरोधकांपुढे ३८ अनुकूल मते लागली असती. हाताशी होते फक्त ८ दिवस.

मंजूर झालेला मसुदाही हिंदुस्थानचा मूळ मसुदा नव्हता. फ्रान्स आणि मेक्सिको यांनी मिळून एक मवाळ मसुदा आणला होता, आणि तो आपण स्वीकारला. त्यात दक्षिण आफ्रिकेचा धिक्कार नाही. दोन सदस्य राष्ट्रांतले स्नेहसंबंध या वागणुकीमुळे बिघडले आहेत, एवढे तो नोंदवतो. ही वागणूक दोन सरकारांतले करार आणि सनदेतली कलमे यांना धरून असावी, असे मत देतो. आणि काय उपाय केले ते दोन्ही सरकारांनी पुढच्या अधिवेशनात सांगावे, अशी विनंती करतो. एवढेच. डर्बनच्या तुरुंगात बसलेल्याला हे शब्द फिके वाटले असणार. पण फ्रान्ससारखी वसाहतवाली सत्ता आणि मेक्सिकोसारखा दूरचा देश सूचक झाल्यामुळे ‘हा काळ्या-गोऱ्यांचा तंटा आहे’ असे म्हणायला जागा उरली नाही. शब्द सोडला आणि मत मिळवले.

सभागृहाबाहेरही माणसे राबत होती. आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष डॉ. आल्फ्रेड झुमा न्यूयॉर्कला आले होते. दक्षिण आफ्रिकेतले हिंदी पुढारी सोराबजी रुस्तमजी आणि एच. ए. नायडू आले होते. पॉल रोब्सन यांच्या संस्थेसारख्या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संस्थांनी त्यांना साथ दिली. हिंदी लोकांचा प्रश्न हा तिथल्या आफ्रिकी लोकांच्या प्रश्नाचाच एक कोपरा आहे, हे या भेटीगाठींत स्पष्ट होत गेले. पुढच्याच वर्षी, मार्च १९४७ मध्ये, झुमा, नायकर आणि दादू या तीन डॉक्टरांनी एकत्र लढण्याचा करार केला.

८ डिसेंबर १९४६. आमसभेत सर्व ५४ देशांनी आपली भूमिका नोंदवली. प्रकरण न्यायालयाकडे पाठवण्याची उपसूचना ३१ विरुद्ध २१ मतांनी पडली. मग मूळ ठराव : बाजूने ३२, विरोधात १५, तटस्थ ७. मत देणारे ४७. त्यांचे दोन तृतीयांश सव्वाएकतीसच्या थोडे वर. म्हणजे ३२ मते हवीच होती, आणि ३२ च मिळाली. बाजूच्या एकाने पलीकडे उडी मारली असती, किंवा तटस्थांपैकी दोघांनी विरोधात हात वर केला असता, तर ठराव पडला असता. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात होते. ज्या देशावर ब्रिटनचे राज्य अजून चालू होते, त्याने ब्रिटनच्या मताविरुद्ध जाऊन हा ठराव जिंकला.

पोकळ विजय?

निघताना गांधीजींनी विजयालक्ष्मींना बजावले होते, की स्मट्स यांच्याशी वैर धरू नका. मतदान झाल्यावर त्या स्मट्स यांच्याजवळ गेल्या आणि आपल्या बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास क्षमा करा, असे म्हणाल्या. त्यांच्या आठवणींत नोंद आहे, की स्मट्स यांनी त्यांना मुलीसारखे संबोधून सांगितले : तुझा विजय पोकळ आहे, या मताने मी निवडणूक हरेन, पण तुमच्या हाती काही लागणार नाही.

स्मट्स दोन्ही बाबतींत खरे ठरले. मे १९४८ मध्ये त्यांचा पक्ष हरला आणि वर्णद्वेषाला उघड धोरण मानणारे मलान अधिकारावर आले. १९५० मध्ये जमातवार वस्त्यांचा कायदा आला. १९४६ चा कायदा त्यापुढे सौम्य वाटावा असा. आणि खुद्द संयुक्त राष्ट्रांत? १९४७ च्या अधिवेशनात पुन्हा ठराव आला तेव्हा मते पडली ३१ विरुद्ध १९, तटस्थ ६. नीट पाहा : वर्षभरात अनुकूल मत फक्त एक कमी झाले, पण विरोधक चारांनी वाढले, आणि ठराव पडला. विरोधक १५ च राहिले असते, तर तीच ३१ मते पुरली असती. मित्र टिकवण्याइतकेच काठावरच्यांना काठावर ठेवणे महत्त्वाचे असते, ते हे असे.

मग हे सारे व्यर्थ गेले का? मला तसे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. १९४६ मध्ये एक दार किलकिले झाले ते पुन्हा बंद करता आले नाही. १९५० मध्ये आमसभेने म्हटले, की वंशवार विभागणीचे धोरण हे मुळातच वंशभेदाच्या सिद्धांतावर उभे असते. १९५२ मध्ये हिंदुस्थानसह १३ आशियाई-आफ्रिकी देशांनी फक्त हिंदी लोकांचा नव्हे, तर संपूर्ण वर्णद्वेषाचा प्रश्न कार्यक्रमपत्रिकेवर आणला. ६ नोव्हेंबर १९६२ रोजी ६७ विरुद्ध १६ मतांनी आमसभेने सदस्य राष्ट्रांना दक्षिण आफ्रिकेशी राजनैतिक व व्यापारी संबंध तोडण्याची विनंती केली. १६ वर्षांपूर्वी एकट्या हिंदुस्थानने जे केले होते, ते आता जगाला सांगितले जात होते. त्याच वर्षाच्या अखेरीस विजयालक्ष्मी पंडित महाराष्ट्राच्या राज्यपाल म्हणून मुंबईला आल्या. दक्षिण आफ्रिकेशी आपले राजनैतिक संबंध पुन्हा जुळले ते १९९३ मध्ये.

बडोद्याच्या कुलगुरू

१९४७ पासून मानवी हक्क आयोगात भारताच्या प्रतिनिधी होत्या हंसा मेहता. बडोद्याच्या वाचकांना त्यांची ओळख करून द्यायला नको. सयाजीराव महाराजांचे दिवाण मनुभाई मेहता यांच्या त्या कन्या, आणि १९४९ पासून महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू. जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असाही अर्थ निघू शकेल असा इंग्रजी शब्द होता. काही देश तो मुद्दाम तसाच वाचतील आणि स्त्रियांना वगळतील, हे त्यांनी आग्रहाने मांडले. आज तिथे ‘सर्व मानव’ आहे. हक्कांची अंमलबजावणी कशी व्हावी याचा विचार करणाऱ्या गटाच्याही त्याच अध्यक्ष होत्या. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिसमध्ये जाहीरनामा ४८ मतांनी मंजूर झाला. विरोधात एकही मत नाही, तटस्थ ८. त्या ८ जणांत दक्षिण आफ्रिका होती.

आपल्या अंगणात

इतिहास फक्त अभिमानासाठी वाचायचा नसतो. हैदराबादच्या वाचकांना ऑगस्ट १९४८ आठवेल, निदान घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातून. निजाम सरकारने आपली तक्रार सुरक्षा परिषदेकडे नेली. तेव्हा भारताने सांगितले, की हैदराबाद हे स्वतंत्र राष्ट्र नव्हे. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे. रझाकारांचा जाच ज्यांनी सोसला त्यांना पोलीस कारवाई ही सुटका वाटली, आणि ते समजण्यासारखे आहे. दोन्ही प्रकरणे सारखी नव्हती, हेही खरे. पण दोन वर्षांपूर्वी ज्या भिंतीला आपण भगदाड पाडले, तिच्याच आडोशाला आपण उभे राहिलो, हे नोंदवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

गोव्यात ती भिंत पुन्हा आपल्या समोर आली. पोर्तुगालने १९५१ मध्ये वसाहतींना ‘सागरापलीकडचे प्रांत’ असे नाव दिले, आणि १९५५ मध्ये सदस्य झाल्यावर सांगितले, की आमच्याकडे वसाहती नाहीतच, प्रांत आहेत. म्हणजे पुन्हा ‘घरचा प्रश्न’. आशियाई-आफ्रिकी देशांनी नेटाने काम केले, आणि १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने पोर्तुगालच्या ताब्यातल्या प्रदेशांची यादीच ठरावात घातली : अंगोला, मोझांबिक, मकाव, तिमोर आणि त्यांच्याबरोबर गोवा. १ वर्षाने, १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाला ७ मते पडली. विरोधात सोव्हिएत संघाबरोबर सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक होते. नकाराधिकार सोव्हिएत संघाचा. पण भारत एकटा पडला नाही तो या तिघांमुळे. अशी सोबत एका रात्रीत मिळत नाही. ती १९४६ पासून जमवत आणलेली होती.

वाचकहो, यापुढे वर्तमानपत्रात मानवी हक्कांच्या एखाद्या ठरावाची बातमी वाचाल, तेव्हा तीन गोष्टी शोधा. ठरावाचे सूचक कोण आहेत? तटस्थ किती आणि कोण राहिले? आणि मूळ मसुद्यातला कोणता शब्द काढून मते मिळवली? या तीन उत्तरांत बातमीपेक्षा अधिक कळते. चौथा प्रश्न आपल्या घराला विचारायचा : जो माप दुसऱ्याला लावतो, तो आपल्यालाही लावतो का?

डर्बनच्या त्या तंबूंत बसलेल्या माणसांचे मूळ गाव कोणी विचारले असते, तर काहींनी तामीळ मुलखातले नाव सांगितले असते, काहींनी गुजरातेतले, तर काहींनी सरळ डर्बनच सांगितले असते. तिसरे उत्तरही पहिल्या दोनांइतकेच खरे आहे, हे मान्य करून घेण्यासाठी ती माणसे तुरुंगात गेली. दूरच्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घर करून राहिलेल्या आपल्यासारख्यांना ते उत्तर समजावून सांगावे लागू नये.